सोमवारी सांगतो

त्या रविवारी सकाळी मी गच्चीवर कुरडया घालत होते. एप्रिलचं ऊन आमच्या शहाद्यात सकाळीच अंगावर येतं, म्हणून उजाडायच्या आत चीक शिजवून घेतला होता. सोऱ्या हातात असतानाच मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, जिभाऊ गेले हो. आत्ताच. चहा घेतला, खाटेवर टेकले, आणि…" मी म्हणाले, "असं कसं? उद्या पहिला तास त्यांचा आहे." मग फोन ठेवला आणि मी पुन्हा खाली बसून उरलेल्या कुरडया घातल्या. का घातल्या, सांगता येणार नाही. चीक गार होत होता, एवढंच. नंतर रडूही आलं, पण ते तापीकाठच्या त्यांच्या गावी पोचल्यावर, त्यांच्या चपला ओसरीत नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या तेव्हा. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. एव्हाना डोकं ठिकाणावर यायला हवं होतं, पण तसं झालेलं नाही. जिभाऊ मोठे शिक्षक होते की नुसतेच भले आणि आळशी गृहस्थ होते, हे मला ते असताना कधी ठरवता आलं नाही आणि ते गेल्यावर तर प्रकरण आणखीच अवघड झालं आहे. मी गणिताची बाई. उत्तर येत नसेल तर उदाहरणच चुकीचं छापलंय असं म्हणून पुढे जायची आम्हाला सवय असते. इथे तीही सोय नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा आहे, पहिली ते आठवी. मुलं सातपुड्याच्या पाड्यांवरची, इथेच राहणारी. आम्ही शिक्षक आठवडाभर शाळेमागच्या खोल्यांत राहतो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने आपापल्या घरी जातो. सभा संपली, मुलं वसतिगृहात परतली, आणि वर्गाकडे जाताना मला आठवीतली रमिला व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली दिसली. अंगात स्वच्छ धुतलेला गणवेश, वेणी घट्ट, नजर समोर रस्त्याकडे. मी विचारलं, "इथे काय करतेस गं?" ती उठून उभी राहिली. "मॅडम, जिभाऊ सर आज सांगणार होते." काय सांगणार होते? "मी नववीला जाऊ की घरी राहू, ते." मग, अगदी रीतसर विचारल्यासारखं, "तुमच्याजवळ काही सांगून गेले का?" नाही म्हणाले मी. तिने मान हलवली, पण ती तिथून गेली नाही… पुन्हा बाकावर बसली. सोमवार अजून संपलेला नव्हता.

हे 'सोमवारी सांगतो' प्रकरण आधी समजावून द्यायला हवं. आमच्या खानदेशात थोरल्या भावाला, मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांपासून स्वयंपाकाच्या बाईंपर्यंत सगळे त्यांना जिभाऊच म्हणायचे आणि पोरं त्यापुढे 'सर' जोडायची. ते इतिहास-भूगोल शिकवायचे आणि आठवीचे वर्गशिक्षक होते. सहावी ते आठवीची मुलं म्हणजे काय चीज असते, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक. पाचवीपर्यंत बोट धरून चालणारं पोर सहावीत एकाएकी गप्प होतं. सातवीत भांडतं. आठवीत तर आमच्याकडे शाळाच संपते; पुढे शहादा नाहीतर नंदुरबार गाठायचं, नाहीतर घर, नाहीतर सरळ गुजरातची गाडी. अशा वयाची ही पोरं जिभाऊंकडे प्रश्न घेऊन यायची. छोटे प्रश्न असले तर उत्तर लगेच मिळायचं. पण कुणी काही गंभीर विचारलं, म्हणजे शाळा सोडू का, लग्न ठरवतायत काय करू, मला इथे झोप लागत नाही घरी जाऊ का, की जिभाऊ चष्मा काढून सदऱ्याला पुसायचे आणि म्हणायचे, "सोमवारी सांगतो." वार कुठलाही असो. मंगळवारी विचारलं तरी येणारा सोमवार. मला संताप यायचा. पोर आज रडतंय आणि ह्यांचा आपला सोमवार! सरकारी कचेरीतल्या साहेबाने 'उद्या या' म्हणावं, त्यातला प्रकार. मी तोंडावर बोलूनही दाखवलं. त्यावर ते हसायचे आणि खिशातून शेंगा काढून माझ्यापुढे धरायचे. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांच्या खिशात कायम. धोब्याने सदरे घ्यायचे बंद केले असते अशी त्या खिशांची अवस्था होती.

तो बाकही त्यांचाच. वर्गातल्या एका जुन्या बाकाचं पुढचं टेबल मोडलं, तर सुताराला न देता त्यांनी तो उचलून व्हरांड्यात भिंतीला लावला, तोंड रस्त्याकडे करून. कोणतंही पोर बोलायला आलं की त्याला शेजारी बसवायचं, स्वतः एका बाजूला, पोर दुसऱ्या बाजूला, मध्ये शेंगा, आणि दोघांनी समोर बघायचं. समोर काय, तर डांबरी रस्ता आणि घाटाची चढण. मी एकदा म्हणाले, "जिभाऊ, ऑफिसात खुर्च्या आहेत की. समोरासमोर बसा, दार लावा, नीट समुपदेशन करा. प्रशिक्षणात सांगितलंय ना?" आम्ही दोघंच असलो की ते अहिराणीवर यायचे, मला ताई म्हणायचे. म्हणाले, "ताई, तोंडकडे पाहीसन पोरं बोलतस का? तुम्ही बोलनात का कधी?" मी विचार केला, बोलले नव्हते. तरी पण मनाला पटलं नाही. नुसतं शेजारी बसून शेंगा फोडणं याला काम कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर घराच्या आठवणीने जेवण सोडलेली सहावीतली कितीतरी मुलं त्या बाकावर बसून शेंगा खाता खाता पुन्हा जेवायला लागलेली मी पाहिली आहेत. काही मात्र तिथून उठून सरळ घरी पळून गेलेलीही पाहिली आहेत. आता यावरून मी कोणता निष्कर्ष काढायचा?

एकदा शाळेत मोठे अधिकारी आले. आठवीच्या वर्गात शिरले आणि ठरलेला प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? पोरांनी ठरलेली उत्तरं दिली. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, शिक्षक, पोलीस. साहेब खूश होऊन गेले. गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत जिभाऊ वर्गात गेले आणि म्हणाले, "बरं, आता सांगा, काय व्हायचं नाही?" मी शेजारच्या वर्गात घनमूळ शिकवत होते, माझा तास तिथेच बुडाला, एवढा गोंधळ झाला. ऊसतोड नको! वीटभट्टी नको! सुरतेला उंच बांधकामावर चढायचं नको! नर्मदाकाठच्या पाड्यावरून आलेली एक मुलगी म्हणाली, होडीतून जावं लागेल असं कोणतंच काम नको. आणि मागून एक आवाज आला, गणिताची मॅडम नको, घसा दुखतो. वर्ग हसत सुटला. मी दारात उभी होते हे त्या पोराला दिसलं नव्हतं. जिभाऊंना दिसलं होतं. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "घसा दुखतो हे तुला कसं कळलं?" पोर म्हणालं, "मॅडम संध्याकाळी गरम पाणी पितात." मला हसावं की काय करावं समजेना. माझ्या घशाकडे कुणाचं लक्ष आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच प्रश्नाचं खूळ पुढे वाढलं. आठवीचा वर्ग दरवर्षी परीक्षेआधी ते शहाद्याच्या एसटी स्टँडवर न्यायचे. दुसऱ्या शाळांच्या सहली किल्ल्यावर जातात, आमची स्टँडवर. पोरांना फलाटावर बसवायचं आणि सांगायचं, इथे काम करणारी माणसं बघा, एखाद्यापाशी जा आणि विचारा की आठवीत असताना तुम्हाला काय नको होतं. रसवंतीवाला, पासच्या खिडकीतली बाई, कंडक्टर, सगळ्यांकडे पोरं जायची. एका वर्षी मीही सोबत होते. स्टँडवरच्या कंट्रोलरसाहेबांनी माईक बाजूला ठेवून आमच्या मुलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरांनो, माले हाईच नको व्हतं!" सगळे खो खो हसले, ते स्वतः सगळ्यांत जास्त. परतीच्या गाडीत मी जिभाऊंना विचारलं की यातून मुलांनी काय घ्यायचं? नको असलेलंच काम आयुष्यभर करावं लागतं, हे? जिभाऊ खिडकीबाहेर बघत होते. "माले बी तेच समजी नही ऱ्हायनं," असं म्हणाले आणि झोपी गेले.

आता दिलवरची गोष्ट. तो माझा लाडका विद्यार्थी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडे त्याच्या पुढ्यात आपोआप रांगेत उभे राहायचे. आठवीत होळीला घरी गेला तो उतरलेल्या तोंडाने परत आला. थोरला भाऊ सुरतेला कामाला होता आणि त्याला घेऊन जायला बघत होता. दिलवरने जिभाऊंना विचारलं, जाऊ का? जिभाऊंनी चष्मा पुसला. सोमवारी सांगतो. आम्ही शनिवारच्या गाडीने घरी गेलो, रविवारी भाऊ मोटारसायकल घेऊन आला, आणि सोमवारी दिलवरची जागा रिकामी. मी त्या दिवशी जिभाऊंना जे बोलले ते शिक्षकांच्या खोलीबाहेरही ऐकू गेलं. "शनिवारीच 'जाऊ नकोस' म्हणाला असतात तर पोर राहिलं असतं. एक शब्द! एक शब्द जड झाला तुम्हाला?" ते उभेच होते. मग म्हणाले, "ऱ्हाता, ताई. मन्हं ऐकीसन ऱ्हाता. पन मी काय त्याले जलमभर पुरनार शे का?" मी त्यावर काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "पन हाई बी बहानाच शे, ताई," ते म्हणाले. "खरं म्हंजे माले माहीतच नव्हतं काय सांगो ते." पुढे कित्येक दिवस ते बाकावर एकटेच बसायचे. शेंगा नव्हत्या. मला वाटलं, आता तरी सोमवारचं हे नाटक बंद होईल. झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चष्मा, पुन्हा सोमवार.

आणि तोच दिलवर त्यांच्या अंत्यविधीला आला होता. स्वतःचा टेम्पो चालवत, सुरतेहून. मोठा बाप्या झालाय. त्याच्याइतकं रडणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, बाहेरून दहावी दिली मॅडम, पास झालो. मला एकदम आशा वाटली. जिभाऊंनी सांगितलं होतं का? तो म्हणाला, "नाही मॅडम, मालकाला दहावी पास ड्रायव्हर पाहिजे होता." मग इतकं रडू कशाचं, असं मी विचारलं नाही, पण तो प्रश्न तोंडावर आला असणार. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, "मला अजूनबी सोमवारी तसंच वाटतं. आज सर सांगणार." एवढं बोलून तो टेम्पो वळवायला गेला. हे चांगलं झालं की वाईट, मला कुणी सांगाल का?

रमिलाकडे परत येते. तिचा पेच अगदी साधा होता. शहाद्याच्या मुलींच्या वसतिगृहात तिला नववीसाठी जागा मिळत होती. होकार त्याच महिन्यात कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. आणि घरी धाकटी बहीण निमा, अजून शाळेत न गेलेली. आई-बाप दोघंही मजुरीला जाणारे, इतकी वर्षं निमाला सांभाळणारी आजी पावसाळ्यात वारली, तेव्हा आता रमिलाने घरी राहावं असं वडिलांचं म्हणणं. मी तर तिथल्या तिथे उत्तर देणार होते. जा म्हणून! यात विचारायचं काय? पण ती विचारत होती ते माझं उत्तर नव्हतं, जिभाऊंचं होतं. ती दर मधल्या सुट्टीत त्या बाकावर जाऊन बसायला लागली. आणि मी, गणिताची बाई, एका मेलेल्या माणसाने काय उत्तर दिलं असतं ते शोधायला निघाले.

आधी गेले शोभावहिनींकडे, जिभाऊंच्या पत्नीकडे. दिवस-कार्य आटोपलं होतं, घरात पाहुणे होते, वहिनी मागच्या दारी एकट्या बसल्या होत्या. मी विचारलं, रमिला म्हणून मुलीबद्दल काही बोलले होते का? माझ्या मनात होतं की शनिवार-रविवारात ते कुठेतरी जाऊन चौकशी करत असतील, कुणाला भेटत असतील, पुस्तकं बघत असतील… वहिनी म्हणाल्या, "कसानी चौकशी वं ताई? रविवारले ते खाटवर पडी ऱ्हायेत. मधमाच उठीसन माले इचारेत, शोभा, काय सांगू त्या पोरीले? मी म्हनू, माले काय इचारतस, मास्तर तुम्ही शेतस ना. मंग परत पडी ऱ्हायेत. झोप नही काही नही. जेवनबी धड नही." गेले त्याच्या आदल्या रात्रीही, शनिवारी, जेवले नव्हते. म्हणजे उत्तर नव्हतंच. शेवटपर्यंत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्याच वेळी ती खाट इतकी रिकामी दिसली की मी तिच्याकडे पाठ करून बसले.

मग मला वनिता आठवली. ती आमची जुनी विद्यार्थिनी, आता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "मॅडम, सरांना सगळं कळायचं. पावरीसुद्धा." पावरी म्हणजे आमच्या बहुतेक मुलांची घरची बोली. आम्हा सपाटीवरच्या शिक्षकांना ती येत नाही, पालकांना मराठी जेमतेम, म्हणून पालक-सभेत एक विचित्र रीत पडलेली आहे: ज्या मुलाबद्दल बोलायचं, तेच मूल मध्ये बसून दोन्हीकडचं सांगतं. आरोपीलाच दुभाषी करावं तसं. दुसऱ्या पालकाला बोलवा, स्वयंपाकाच्या बाईंना बोलवा, असं मी किती वेळा म्हणाले असेन. जिभाऊ ऐकायचे नाहीत. "पोरगी सांगी ऱ्हायनी ना? मंग आपलं काय काम शे तठे?" वनिता म्हणाली की आठवीत तिला नंदुरबारच्या वसतिगृहाची भीती वाटायची. सर वडिलांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, पाठवा. तिने वडिलांना पावरीत सांगितलं, सर म्हणतात मी कच्ची आहे, घरीच ठेवा. सरांचा चेहरा हललासुद्धा नाही. नंतर बाकावर मात्र शेंगा देऊन विचारलं, तिथे सगळ्यांत जास्त काय नको वाटतं? ती म्हणाली, अंधारात बाहेर बाथरूमला जायचं. "मग त्याचंच काहीतरी करू की," सर म्हणाले होते. केलंही, ओळखीची मोठी मुलगी तिच्या खोलीत ठेवून घेतली. वनिताची खात्री होती की सरांना पावरी कळल्याशिवाय हे शक्यच नाही. मी वहिनींना पुन्हा फोन लावला. त्या तेवढ्या दुःखातही हसल्या. "पावरी? त्यासले? नही वं माय. इतला वरीस तठे काढात, पन एक सबद नही शिकनात!" आता सांगा. बायको खोटं कशाला बोलेल? आणि वनिता तरी?

शेवटी शनिवारी मी घरी जायची एसटी सोडली आणि रमिलाबरोबर तिच्या पाड्याकडे निघाले. जीपने घाटाच्या मध्यापर्यंत आणि पुढे पायवाटेने. महू पडायचे दिवस होते. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, सगळीकडे तो गोड, जड वास. निमा फुलांवर येणाऱ्या कोंबड्या हाकलत होती. रमिलाच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं, आईने बिनदुधाचा चहा केला. मी तयारी करून गेले होते. शिक्षणाचं महत्त्व, सरकारी सवलती, मुलीचं भवितव्य, सगळं सलग बोलले. रमिलाने ते पावरीत अर्ध्या दमात संपवलं. मग मी म्हणाले, "ही हुशार आहे." एवढंच. तर त्यावर ती कितीतरी वेळ बोलत राहिली, हात हलवून, एकदा निमाकडे बोट दाखवून, एकदा खाली घाटाकडे. वडील ऐकत होते. आई चुलीपाशी थांबली होती. मग वडील काहीतरी म्हणाले, अगदी थोडं. आईने पुस्ती जोडली. रमिलाने मान खाली घातली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला एकही शब्द कळत नव्हता. जिभाऊ कित्येक वर्षं असे बसले असतील का? की ते सगळं समजून बसले असतील? मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"सोमवारी सांगतो म्हणतात," रमिला म्हणाली.

उतरताना मी तिच्याशी बोललेच नाही. राग कुणाचा आला होता? वडिलांचा, तिचा, जिभाऊंचा, त्या घाटाचा, सगळ्यांचाच. ती मला जीपपर्यंत सोडायला आली होती, रविवारी घरीच राहणार होती. होकार कळवायची मुदत त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत होती. मी बसले तेव्हा तिने खिडकीतून पानात बांधलेली मोहाची थोडी फुलं माझ्या हातात ठेवली आणि मी ती घेतली, पण बरं, येते, असंही म्हणाले नाही. रविवारभर मी घरी नुसती फिरत होते. माझ्या आईने विचारलं, काय झालं गं, जेवत का नाहीस? तेव्हा एकदम वहिनींचं बोलणं आठवलं आणि मी ताट ओढून घेतलं. पण घास काही उतरला नाही.

सोमवारी पहिल्या गाडीने शाळेत पोचले. बाकावर दोघी होत्या. रमिला मुलांच्या बाजूला, जिथे ती नेहमी बसायची तिथे. आणि जिभाऊंच्या जागी, पाय जमिनीला न टेकणारी निमा, नवा फ्रॉक, केसांना तेल, हातात कसलीशी पिशवी. रमिला उठून उभी राहिली. "मॅडम, मी जाते नववीला."

"बाबा हो म्हणाले?"

"ते परवाच हो म्हणाले होते. तुमच्यासमोरच."

"मग सोमवारी सांगतो कोण म्हणालं?"

"मीच. मला निमाचं काय करायचं ते कळत नव्हतं." मग रस्त्याकडे बघत भराभर बोलली. निमाचं नाव जूनपासून इथेच पहिलीत घाला, वसतिगृहात ती सहावीतल्या चुलतबहिणीशेजारी झोपेल, दर सुट्टीला मी शहाद्याहून तिला घ्यायला येईन, आई चालेल म्हणाली. सगळं ठरवून आली होती. माझ्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. मी एवढं खूश व्हायला हवं होतं की उडीच मारावी, आणि माझे डोळे भरून आले, आणि पहिला विचार काय आला, तर हे जिभाऊंना सांगायला हवं. रमिलाने विचारलं, "सर हेच म्हणाले असते का?" मी हो म्हणू शकले असते. तिला बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, "मला नाही माहीत गं." ती हसली. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी ऑफिसातून शहाद्याच्या वसतिगृहाला फोन लावला, जागा पक्की केली आणि निमाचं नाव लिहून घ्यायला बाहेर आले. निमा बाकाच्या फळीवरून हात फिरवत होती. फटीत अडकलेली शेंगेची टरफलं तिने नखाने उकरून काढली, वास घेतला आणि बहिणीला पावरीत काहीतरी विचारलं. रमिलाने उत्तर दिलं, हळू आवाजात, बरंच लांब. निमाने ते नीट ऐकून घेतलं. मग ती सरकत सरकत बाकाच्या मध्यावर आली, बहिणीला चिकटून बसली, आणि कडेची जागा तिने मोकळी ठेवली.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम," रमिला म्हणाली.